पांढऱ्या भुकटीचा दोष आणि त्याचेच भांडवल

पावसाळा ओसरून दिवाळीपूर्वी घराला रंग देण्याचा विचार सुरू झाला, की बाहेरच्या भिंतीवरून सहज हात फिरवून पाहिला जातो. रंग लावून काही वर्षे झाली असतील तर तळव्याला पांढरट भुकटी लागते. रंगारी म्हणतो, ‘पावडर सुटली’. रंगाच्या कंपनीचा माणूस त्याला ‘चॉकिंग’ म्हणतो. दुकानदाराच्या वाट्याला मात्र गिऱ्हाइकाची तक्रार येते. या तक्रारीमागे ऊन-पावसाचा हात आहे, हे सर्वांना ठाऊक असते. पण उन्हाला आतून साथ देणारा एक घटक त्या रंगातच असतो, आणि तो म्हणजे रंगाला पांढरेपणा देणारे टायटॅनियम डायऑक्साइड.

व्यापारी घराण्यांना हा पदार्थ नवा नाही. रंग, कागद, प्लॅस्टिक, रबर, साबण, चिनी मातीच्या वस्तू, औषधाच्या गोळ्या यांपैकी कशाचाही धंदा असो, त्याची पंचवीस किलोची पोती कधी ना कधी गोदामात येतातच. त्याचे दोन प्रकार बाजारात चालतात: रुटाइल आणि ॲनाटेज. रसायन एकच, परंतु स्फटिकातील अणूंची मांडणी निराळी. रुटाइलचा भाव जास्त, ॲनाटेजचा कमी. बाहेरच्या भिंतीच्या रंगात रुटाइलच घालायचे आणि आतल्या कामाला ॲनाटेज चालते, हा नियम धंद्यात कोणी पुस्तक वाचून शिकत नाही. वडील किंवा काका सांगतात आणि तो पाळला जातो. या नियमामागचे कारण शोधू गेल्यास वाट थेट आधुनिक पदार्थविज्ञानाच्या एका फार मोठ्या शाखेकडे जाते.

पूर्वी पांढऱ्या रंगासाठी शिशाचा सफेदा वापरीत. तो विषारी होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास नॉर्वे आणि अमेरिका येथे टायटॅनियम डायऑक्साइडचे कारखाने सुरू झाले आणि शिशाची सद्दी हळूहळू संपली. झाकण्याची शक्ती सफेद्याहून कितीतरी अधिक, विषाची भीती नाही, कच्चा माल मुबलक. केरळच्या चवऱ्याची काळी वाळू यासाठी जगात प्रसिद्ध आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही इल्मेनाइट हे टायटॅनियमचे खनिज आहे. एवढ्या गुणी पदार्थात एकच खोट निघाली. उन्हात त्याचा रंग उडत नसे, पण त्याला धरून ठेवणारे तेल किंवा राळ मात्र जळून जाई. बांधणारेच नाहीसे झाले की कण सुटे होऊन हाताला लागणार, हे ओघानेच आले.

या खोटीची नोंद शास्त्रज्ञांनी लवकर घेतली. १९२१ मध्ये कार्ल रेन्झ यांनी सेंद्रिय द्रव्यांच्या सान्निध्यात टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पडला की ते काळवंडते, असे नोंदवले. १९३८ मध्ये इंग्लंडमध्ये गुडीव्ह आणि किचनर यांनी त्याच्या पृष्ठभागावर रंगद्रव्य प्रकाशात कसे फिके पडते याचा अभ्यास केला. परंतु रंग बनवणाऱ्यांना या ज्ञानाचा उपयोग एकाच कामासाठी करायचा होता: ही क्रिया थांबवणे. त्यासाठी दोन उपाय निघाले. पहिला, अधिक शांत स्वभावाच्या रुटाइलचा वापर. दुसरा, प्रत्येक कणावर सिलिका आणि ॲल्युमिना यांचे पातळ वेष्टन चढवणे. आज चांगल्या एक्स्टिरिअर पेंटच्या डब्यात जे टायटॅनियम असते, ते असे वेष्टन घातलेले असते.

मग या कणांत नेमके घडते काय? टायटॅनियम डायऑक्साइड हा अर्धवाहक आहे. त्यातील इलेक्ट्रॉन आपापल्या जागी बांधलेले असतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाशकण येऊन आदळला तर एखादा इलेक्ट्रॉन जागा सोडून वरच्या पट्ट्यात जातो आणि मागे रिकामी जागा उरते. ही उडी ॲनाटेजमध्ये ३.२ आणि रुटाइलमध्ये ३.० इलेक्ट्रॉन व्होल्टची आहे. ॲनाटेजसाठी सुमारे ३८८ नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश लागतो. साध्या उजेडाने हे काम होत नाही. सुटा झालेला इलेक्ट्रॉन हवेतील ऑक्सिजनला चिकटतो. रिकामी जागा पाण्याच्या रेणूतून किंवा शेजारच्या सेंद्रिय रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते. यातून हायड्रॉक्सिलसारखे अत्यंत तीव्र घटक तयार होतात. त्यांच्यापुढे तेल, राळ, रंगद्रव्य, जिवाणूंचे आवरण यांपैकी काहीच फार काळ टिकत नाही. वेळ मिळाला तर शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरते. या सगळ्यात टायटॅनियम डायऑक्साइड स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून त्याला प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात.

मात्र बहुतेक वेळा हे होतच नाही. इलेक्ट्रॉन पृष्ठभागापर्यंत पोहोचण्याआधीच पुन्हा एखाद्या रिकाम्या जागेत पडतो, आणि प्रकाशाची सारी ऊर्जा नुसत्या उष्णतेत विरून जाते. हे पुनर्मीलन सेकंदाच्या अब्जांश भागात किंवा त्याहूनही लवकर घडते, तर पृष्ठभागावरील रासायनिक क्रियेला त्याच्या हजारो पट वेळ लागतो. आलेला माल दुकानात पोहोचण्याआधी रस्त्यातच संपावा तसा हा प्रकार. गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रात जी काही रचना, जी काही कारागिरी झाली, ती बव्हंशी या एका गळतीशी चाललेली झुंज आहे.

या झुंजीला तोंड फुटले ते टोकियोत. १९६७ मध्ये टोकियो विद्यापीठात प्राध्यापक केन्इची होंडा यांच्या हाताखाली अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी संशोधन करीत होता. त्याने रुटाइलचा एक स्फटिक पाण्यात बुडवून तारेने प्लॅटिनमशी जोडला आणि स्फटिकावर प्रखर दिव्याचा झोत सोडला. स्फटिकावर बुडबुडे दिसू लागले. ते ऑक्सिजनचे होते. प्लॅटिनमच्या बाजूला हायड्रोजन निघत होता. पाणी प्रकाशाने फुटत होते. विशेष म्हणजे स्फटिक जसाच्या तसा होता. त्याआधी अशाच प्रयोगांत वापरलेले झिंक ऑक्साइड प्रकाशात हळूहळू विरघळून जात असे. प्रारंभी जाणकारांनी या निष्कर्षावर विश्वास ठेवला नाही. १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, आणि तेलासाठी परदेशावर अवलंबून असलेल्या जपानला सूर्य व पाणी यांपासून इंधन मिळण्याचे स्वप्न पडू लागले. १९७४ च्या नववर्षदिनी ‘असाही शिंबुन’ या दैनिकाने ही बातमी पहिल्या पानावर छापली.

स्वप्न मोठे होते, पण हिशेब बसत नव्हता. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग असतो चार-पाच टक्के. म्हणजे शंभर रुपयांच्या मालापैकी पंचाण्णव रुपयांचा माल या पदार्थाला घेताच येत नाही. घेतलेल्यातलाही मोठा वाटा पुनर्मीलनात जातो. हायड्रोजनमध्ये उतरणारी सूर्यऊर्जा एक टक्क्याच्याही आत राहिली. ऐंशीच्या दशकात अनेकांचा उत्साह मावळला.

येथे जे वळण आले ते धंद्यातल्या माणसाला विशेष भावेल. इंधन लागते टनांनी, आणि टनांनी काही निर्माण करणे या पदार्थाला जमत नव्हते. पण जगात असे पुष्कळ काम आहे जे थोडे थोडे, रोज, कोणाच्या लक्षात न येता करायचे असते. टाइलवर बसणारा तेलकट थर एका दिवसात किती बसतो? मिलिग्रॅमच्याही अंशाइतका. तेवढाच रोज जाळला तर पुरे. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी फुजिशिमा आणि त्यांचे सहकारी काझुहितो हाशिमोतो यांनी ‘टोटो’ या स्वच्छतागृहांचे साहित्य बनवणाऱ्या कंपनीचे तोशिया वातानाबे यांच्यासह टाइलवर या पदार्थाचा पातळ, पारदर्शक थर देण्याचे काम हाती घेतले. खोलीतल्या उजेडात अतिनील किरण फारच तुटपुंजे असतात, परंतु कामही तितकेच तुटपुंजे होते. अंधारात जिवाणूंना आळा बसावा म्हणून थरात तांबे किंवा चांदी मिसळली गेली. जपानमधील महामार्गांच्या बोगद्यांतील दिव्यांच्या काचांनाही असाच थर देण्यात आला. वाहनांच्या धुराची काजळी काचेवर साठून उजेड कमी होई आणि काचा पुसण्यासाठी रहदारी अडवावी लागे. येथे दिव्याच्याच प्रकाशातील अतिनील भागाने त्याची काच स्वच्छ राहू लागली. आधी जो रंगाचा दोष होता, त्यावर आता किंमत लावून माल विकला जाऊ लागला.

याच कामातून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली आणि ती १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. अतिनील प्रकाश पडलेल्या थरावर पाण्याचे थेंबच बनत नाहीत. पाणी सपाट पसरते, धुळीच्या खाली शिरते आणि तिला वाहून नेते. काच धुक्याने अंधूक होत नाही. मोटारींचे बाजूचे आरसे आणि इमारतींच्या काचा यांना या गुणाचा मोठा उपयोग झाला. २००१ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने स्वतः स्वच्छ होणारी खिडकीची काच बाजारात आणली. ऊन मळ सैल करते आणि पाऊस तो धुऊन नेतो. पाऊस न पडणाऱ्या जागी अशी काच अर्धेच काम करते, हे मात्र विक्रेते क्वचितच सांगतात.

आता ‘नॅनो’ या शब्दाकडे वळू. हा शब्द आज अगरबत्तीपासून बनियनपर्यंत सर्वत्र चिकटवला जातो, म्हणून त्याबद्दल शंका वाटणे स्वाभाविक आहे. येथे मात्र त्याला नेमका अर्थ आहे. रंगातील टायटॅनियमचे कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात, कारण दृश्य प्रकाश सर्वाधिक विखुरण्यासाठी, म्हणजेच पांढरे दिसण्यासाठी, तोच आकार योग्य ठरतो. उत्प्रेरकाचे कण दहा ते तीस नॅनोमीटरचे ठेवतात. त्यांचा पातळ थर पांढरा दिसत नाही, तर पारदर्शक असतो. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग होतो सहा चौरस सेंटिमीटर. त्याच घनाचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग होतो सहाशे चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ साडेसहा हजार चौरस फूट. माल तोच, चार ग्रॅमच्या आतला, पण दुकानाचा दर्शनी भाग एवढा वाढला. शिवाय कण लहान असला की इलेक्ट्रॉनला पृष्ठभागापर्यंतचा रस्ताही छोटा होतो. तथापि बारीक करण्यालाही मर्यादा आहे. फारच लहान कणांत इलेक्ट्रॉन आणि रिकामी जागा पृष्ठभागावरच एकमेकांना गाठतात, आणि नफा पुन्हा घटू लागतो.

असे कण बनवण्याची एक प्रचलित रीत म्हणजे सोल-जेल. टायटॅनियमचे एक द्रवरूप संयुग अल्कोहोलमध्ये घेऊन त्यात पाणी थेंबाथेंबाने सोडतात. पाणी एकदम ओतले तर क्षणात गुठळ्या होतात आणि घाण कमाई पदरी पडते. सावकाश सोडले तर दह्यासारखे जेल धरते. ते वाळवून साधारण ४०० ते ५०० अंशांवर भाजले की ॲनाटेजचे बारीक स्फटिक मिळतात. आच त्याहून बरीच वाढवली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि रुटाइल बनू लागते. दुसऱ्या रीतीत प्रेशर कुकरसारख्या बंद भांड्यात दाबाखाली, पाण्यातच स्फटिक वाढवतात. १९९८ मध्ये कासुगा आणि सहकाऱ्यांनी याच प्रकारे तीव्र कॉस्टिक सोड्यातून टायटॅनियम डायऑक्साइडच्या पोकळ नॅनोनलिका मिळवल्या.

ॲनाटेज स्वस्त का आणि उत्प्रेरक म्हणून सरस का, हा प्रश्नही येथेच सुटतो. ॲनाटेजमध्ये सुटलेला इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा तुलनेने अधिक काळ वेगळी राहतात, म्हणून तो अधिक जळजळीत. भिंतीच्या रंगात तो नको, उत्प्रेरकात तोच हवा. गंमत अशी, की शुद्ध ॲनाटेजपेक्षाही मिश्रण पुष्कळदा बरे चालते. जर्मनीच्या डेगुसा कंपनीने ज्वाळेत बनवलेली ‘पी-२५’ नावाची भुकटी जगभरच्या प्रयोगशाळांत तुलनेचा मापदंड ठरली. तिच्यात सुमारे ८० टक्के ॲनाटेज आणि २० टक्के रुटाइल असते. दोन प्रकारांच्या सीमेवर इलेक्ट्रॉन एकीकडे आणि रिकामी जागा दुसरीकडे खेचली जाते, आणि त्यांची ताटातूट टिकते.

दृश्य प्रकाशाचा जो माल हातचा जातो, तो मिळवण्याचे प्रयत्नही झाले. २००१ मध्ये जपानमधील टोयोटाच्या संशोधनशाळेत र्‍योजी असाही आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजनच्या काही जागी नायट्रोजन बसवला. भुकटी पिवळसर झाली आणि ५०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश घेऊ लागली. २०११ मध्ये अमेरिकेत शाओबो चेन आणि सॅम्युएल माओ यांनी हायड्रोजनच्या वीसपट वायुदाबात २०० अंशांवर पाच दिवस ठेवून ती चक्क काळी केली. काळे टायटॅनियम! रंगाच्या व्यापाऱ्याला ही थट्टाच वाटावी. परंतु अधिक प्रकाश शोषला म्हणजे अधिक काम झाले असे नव्हे. बाहेरून घातलेले अणू आणि पडलेल्या उणिवा याच अनेकदा पुनर्मीलनाचे अड्डे बनतात. एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

हा विषय इचलकरंजी-सोलापूरकडील कापड व्यावसायिकांच्या दारापर्यंत येतो तो रंगीत सांडपाण्यामुळे. पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली, की प्रोसेसिंगच्या पाण्याचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. अशा वेळी कोणी येऊन काचेच्या पेल्यात निळे पाणी घेऊन, त्यात पांढरी भुकटी टाकून, दिव्याखाली तासाभरात ते नितळ करून दाखवले, तर मालकाला मोह पडणारच. हा खेळ खोटा नसतो, परंतु अपुरा असतो. प्रयोगशाळेत सर्वाधिक वापरले जाणारे मिथिलीन ब्लू हे रंगद्रव्य स्वतःच दृश्य प्रकाश शोषते आणि आपला इलेक्ट्रॉन भुकटीला देऊन स्वतःच बिघडते. त्यावरून भुकटी दृश्य प्रकाशात काम करते असे म्हणणे चूक आहे, हे होक्काइदो विद्यापीठाचे बुन्शो ओहतानी यांनी वारंवार बजावले आहे. शिवाय भुकटी काही रंग नुसता चिकटवूनही घेते. म्हणून पेला आधी अर्धा तास अंधारात ठेवून किती रंग उतरतो हे पाहणे आवश्यक असते. रंग गेला म्हणजे द्रव्य गेले, असेही नाही. रेणूचा रंग देणारा दुवा तुटला की पाणी नितळ दिसते, पण तुकडे पाण्यातच असतात आणि त्यांतील काही मूळ रंगाहून अधिक अपायकारक असू शकतात. म्हणूनच विचारायचे ते सीओडी आणि एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला हे.

खऱ्या सांडपाण्यात अडचणी आणखी वाढतात. गडद पाण्यात अतिनील किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. मीठ आणि सोडा यांचे घटक तीव्र कण मध्येच गिळतात. काम झाल्यावर वीस नॅनोमीटरचे कण पाण्यातून परत मिळवणे हे कपड्यातून धूर गाळण्यासारखे आहे, आणि कण एखाद्या पृष्ठावर पक्के बसवले तर पृष्ठभाग घटतो. दिव्यांच्या विजेचे बिल वेगळेच. त्यामुळे जैविक प्रक्रिया झालेल्या, बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यातला शेवटचा हट्टी अंश काढण्यासाठी ही पद्धत विचारात घ्यावी. ईटीपीची जागा ती घेईल, असे सांगणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

हवा शुद्ध करणाऱ्या रंगांचेही असेच आहे. वाहनांच्या धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड उन्हातल्या भिंतीवर कमी होतात, हे खरे आहे. त्याची चाचणी घेण्याची आयएसओ २२१९७ ही आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे. रोममध्ये २००३ मध्ये पूर्ण झालेल्या एका चर्चच्या पांढऱ्या, पालासारख्या प्रचंड भिंती अशाच सिमेंटच्या आहेत. परंतु बंद खोलीत, अपुऱ्या अतिनील प्रकाशात, क्रिया अर्धवट राहिली तर फॉर्माल्डिहाइडसारखे नको ते वायू तयार होऊ शकतात. आणि जुना दोष येथे पुन्हा हजर होतोच: असा रंग साध्या ॲक्रिलिकमध्ये बनवला तर तो आपल्याच बांधणीला खातो. त्यामुळे सिलिकेटसारखे न जळणारे माध्यम लागते आणि किंमत वाढते.

पोती हाताळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे इष्ट. हा पदार्थ त्वचेला किंवा हाताला विषारी नाही, पण त्याची धूळ श्वासात घेणे चांगले नव्हे. कर्करोगविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेने त्याला ‘मानवात कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या वर्गात घातले आहे, आणि ते मुख्यतः उंदरांच्या फुप्फुसांवरील प्रयोगांवरून. पोते फोडणाऱ्या हमालाला साध्या रुमालाऐवजी मास्क देण्यास फार खर्च येत नाही. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील ई-क्रमांक वाचून मगच वस्तू घेणाऱ्या घरांना ‘ई-१७१’ ओळखीचा असेल. तो हाच. तो खनिज आहे, प्राणिज नाही. तरीही २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने तो खाण्यात सुरक्षित मानता येत नाही असे मत दिले आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली.

राहिला प्रश्न फुजिशिमांच्या बुडबुड्यांचा. पाण्यापासून हायड्रोजन मिळवण्याचा तो मार्ग बंद पडला नाही. टायटॅनियमच्याच एका नातलगाने, स्ट्रॉन्शियम टायटेनेटने, त्याला पुन्हा गती दिली. २०२० मध्ये काझुनारी दोमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात थोडे ॲल्युमिनियम मिसळून असे स्फटिक घडवले, की इलेक्ट्रॉन एका बाजूच्या पृष्ठांवर आणि रिकाम्या जागा दुसऱ्या बाजूच्या पृष्ठांवर जमाव्यात. दोन्ही पृष्ठांवर योग्य तो सहउत्प्रेरक निवडून बसवला. ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या प्रकाशात पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी सुमारे शहाण्णव कामी आले. पुनर्मीलनाची गळती जवळजवळ बुजली. पुढच्याच वर्षी त्यांनी जपानमध्ये शंभर चौरस मीटरचे पॅनेल उन्हात मांडून महिनोन्‌महिने हायड्रोजन गोळा केला. सूर्यऊर्जेचा त्यात उतरलेला वाटा, जास्तीत जास्त, ०.७६ टक्के होता. गळती थांबली तरी आवक मात्र अजून त्या चार-पाच टक्के अतिनील प्रकाशाचीच आहे.